आधी डॉक्टर ठरवा, मग स्कॅन

पत्र थोडक्यात : मी बँकेतून निवृत्त झालेला, बडोद्याच्या रावपुऱ्यात राहणारा आजोबा. नात 14 महिन्यांची. गेल्या आठवड्यात सौ. तिला तेल लावत असताना उजव्या बरगडीखाली काहीतरी टणक हाताला लागलं. सोनोग्राफीत लिव्हरच्या उजव्या भागात 8 सेंमीची गाठ निघाली. रक्तात एएफपी (लिव्हरच्या काही गाठी बनवतात ते प्रथिन) 1,85,000 आणि प्लेटलेट 9 लाख. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, मुलांच्या कॅन्सरचा विभाग असलेल्या हॉस्पिटलात जा, एमआरआय आणि बायोप्सी तिथेच होईल. माझे मेहुणे डॉक्टर आहेत. ते फोनवर म्हणाले, हेमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) असेल, आपोआप जिरतो, सुई घालू देऊ नका, पसरेल. इथलं एक स्कॅन सेंटर आजच्या आज सीटी करून द्यायला तयार आहे, भूल लागणार नाही म्हणतात. मुलगा म्हणतो, एकदाच काय तो पेट स्कॅन करून टाकू. चार दिवसांवर घटस्थापना आहे, घट उठेपर्यंत थांबलं तर चालेल का? सौ.नी अन्नपाणी टाकलंय, तिला वाटतं तिच्या मालिशमुळेच हे झालं. सुनेला आम्ही एएफपीचा आकडा अजून सांगितलेला नाही.
ता. क. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचं बाळ जन्मल्यापासून पिवळं आहे, सव्वा महिना होत आला. शी पांढुरकी होते. मी त्यांना कोवळं ऊन दाखवायला सांगितलंय. बरोबर ना?

काका, नमस्कार.

सुरुवात तुमच्या ता. क.पासून करते. पत्र हातात पडलं त्याच दुपारी तुम्हाला चार ओळींची ई-मेल टाकली ती यासाठीच. इथे सविस्तर लिहिते, कारण 'कोवळं ऊन दाखवा' हा सल्ला बडोद्यातल्या घराघरांत दिला जातो आणि बहुतेक वेळा खपूनही जातो.

नवजात बाळाची नेहमीची कावीळ साधारण दोन आठवड्यांत उतरते. 14 दिवसांनंतरही डोळे पिवळे दिसत असतील तर रक्तातलं बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) तपासायचं आणि तेही डायरेक्ट, इनडायरेक्ट असं वेगवेगळं करून घ्यायचं. डायरेक्ट बिलिरुबिन 1 मिलिग्रॅमच्या वर असेल तर ऊन, दिवे, पाणी पाजणं यातल्या कशानेही ती कावीळ जाणार नाही. त्यातून शी भिंतीला लावायच्या पुट्टीसारखी फिकट आणि लघवी लंगोट पिवळा करणारी असेल, तर लिव्हरमधलं पित्त आतड्यात उतरतच नाही अशी शंका घ्यावी लागते. बिलिअरी अट्रेझिया म्हणजे पित्तनलिका बुजत जाण्याचा आजार, हा त्यातला सगळ्यात घातक प्रकार. मोरिओ कसाई या जपानी सर्जननी 1950च्या दशकात त्यावर शस्त्रक्रिया बसवली, आजही तीच करतात. ती बाळाच्या वयाच्या 60 दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता चांगली. 90 दिवस उलटले की ती झपाट्याने घटते, आणि मग गोष्ट लिव्हर बदलण्यापर्यंत जाते.

म्हणजे त्या बाळाकडे आता जेमतेम तीन आठवडे आहेत. त्यातच तपासण्या, शंकानिरसन, सर्जन शोधणं सगळं आलं. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, हा आपला नियम एरवी भला आहे, इथे तो महागात पडेल. अशी बाळं सुरुवातीला हसतात-खेळतात, दूध पितात, वजनही धरतात, त्यामुळे 'एवढं चांगलं आहे, आजारी कसं असेल' असं वाटतं. वर जाऊन एवढंच सांगा : पुढची शी झाली की डायपर टाकून देऊ नका, पिशवीत घालून आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, किंवा सरळ सयाजी हॉस्पिटलच्या बालरोग विभागात न्या. तोंडी सांगितलेल्या रंगापेक्षा डोळ्यांना दिसलेला रंग डॉक्टरांना पटकन समजतो. सोनोग्राफी सांगितली तर बाळ तीन-चार तास उपाशी हवं, नाहीतर पित्ताशय दूध प्यायल्यावर आकसतंच, आणि ते मुळातच लहान आहे की आत्ता रिकामं झालंय ते कळत नाही. रिपोर्टवर 'नॉर्मल' आलं म्हणून गाडी थांबवू नका. या आजारात सोनोग्राफी साधी येऊ शकते, डायरेक्ट बिलिरुबिन मात्र खोटं बोलत नाही. आणि व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलंय का तेही विचारा. पित्त उतरत नसेल तर ते जीवनसत्त्व अंगी लागत नाही आणि अशा बाळाच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

आता नातीकडे येते.

तुम्ही आकडे, तारखा, रिपोर्टातले शब्द सगळं व्यवस्थित लिहिलंत, बँकेतली सवय कामी आली. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण 14 महिन्यांचं मूल, लिव्हरमध्ये एक मोठी टणक गाठ, एएफपी लाखाच्या घरात आणि प्लेटलेट वाढलेल्या, एवढं एकत्र आलं की मुलांच्या कॅन्सरचा कोणताही डॉक्टर पहिलं नाव हेपॅटोब्लास्टोमाचं घेईल. तो लिव्हरच्या पेशींतून उगवणारा लहान मुलांचा कॅन्सर आहे, बहुतेक तीन वर्षांच्या आत दिसतो. तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी हे नाव तोंडाने उच्चारलं नसेल, पण कुठे जा ते बरोबर सांगितलं. प्लेटलेटचं तुम्ही कुठलंतरी इन्फेक्शन म्हणून मनात धरलं असेल. ही गाठ स्वतःच प्लेटलेट वाढवणारं द्रव्य तयार करते, त्यामुळे तो आकडा चढतो.

एएफपीबद्दल जरा थांबते, कारण घरात सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच झालेला दिसतोय. हे प्रथिन गर्भात असताना बाळाचं लिव्हर भरपूर बनवतं. जन्मतः ते हजारोंच्या घरात असतं, मग उतरत उतरत आठ महिने ते वर्षाच्या सुमारास मोठ्या माणसाच्या पातळीवर येतं. लॅबच्या कागदावर मात्र शेजारी मोठ्यांचीच मर्यादा छापलेली असते, त्यामुळे दोन महिन्यांच्या बाळाचा काहीशेचा आकडाही ठळक अक्षरांत येतो आणि घरच्यांची झोप उडते. तुमच्या नातीच्या वयाला ती सवलत संपली आहे. पण हेही ध्यानात घ्या की 1,85,000 म्हणजे 50,000च्या तिप्पट-चौपट वाईट असा हिशोब इथे लागत नाही. लाखांत एएफपी असलेली मुलं ठणठणीत बरी होतात. उलट गाठ मोठी आणि एएफपी 100च्या खाली असेल तर डॉक्टर अधिक काळजीत पडतात. हा आकडा पुढे कामाला येतो तो उताराची गती बघायला, केमो सुरू झाल्यावर तो किती भराभर खाली येतो त्यावरून औषध लागू पडतंय का ते कळतं. म्हणून पहिला कागद जपून ठेवा आणि शक्यतो पुढे एकाच लॅबमध्ये तपासा.

मेहुण्यांचं म्हणणं सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत मी गंभीरपणे घेतलं असतं. त्या वयात लिव्हरमध्ये रक्तवाहिन्यांच्या गाठी बऱ्याच दिसतात. अंगावर पाच किंवा जास्त लाल डाग असलेल्या तान्ह्या बाळाची आम्ही त्यासाठीच पोटाची सोनोग्राफी करतो. काही गाठी आपणहून विरतात, काहींना प्रोप्रॅनोलॉल हे एरवी ब्लडप्रेशरला देतात ते औषध लागतं. पण नातीचं वय आणि तो एएफपी त्या चित्रात बसत नाही. ताप नाही म्हणजे लिव्हरमधला पू मागे पडतो. गाठीत पाण्याच्या पिशव्या नाहीत म्हणजे आणखी एक निरुपद्रवी प्रकार मागे पडतो. लिव्हरऐवजी किडनी किंवा तिच्यावरच्या ग्रंथीतून गाठ आली असती तर सोनोग्राफीने ते सांगितलं असतं. फोनवर रिपोर्ट न बघता दिलेलं मत नातेवाइकाचं असलं तरी मतच असतं. मेहुण्यांशी वाद घालत बसू नका, त्यांना सोबत घेऊन जा.

आता मुख्य गोष्ट, आणि तीच सांगायला खरं तर हे उत्तर लिहितेय. पुढचा स्कॅन जिथे उपचार होणार तिथेच करा. बाहेर एक, मग दुसरा, मग 'हा बरोबर नाही आला, परत करा' म्हणून तिसरा, हे मी फार पाहिलंय. पैसा जातो हे एक, पण त्याहून मोठं म्हणजे दिवस जातात आणि मुलाला दोनदा भूल मिळते.

याचं कारण असं की या आजारात स्कॅन फक्त 'गाठ आहे' एवढं सांगायला करत नाहीत. ते तर सोनोग्राफीने सांगितलंच. सर्जनला हवं असतं ते वेगळंच. आंतरराष्ट्रीय पद्धतीत लिव्हरचे चार विभाग धरतात आणि गाठीने किती व्यापलेत, सलग किती मोकळे उरलेत ते मोजतात. याला प्रीटेक्स्ट म्हणतात, एक ते चार. शिवाय आतड्यांतून लिव्हरकडे रक्त नेणारी पोर्टल शीर मोकळी आहे का, लिव्हरमधून हृदयाकडे जाणाऱ्या तीन शिरा कुठून जातात, गाठ फुटली आहे का, छातीत काही आहे का. केमोनंतर गाठ आकसली की हेच सगळं पुन्हा मोजायचं असतं, म्हणून पहिलं आणि दुसरं चित्र एकाच पद्धतीचं असेल तर तुलना होते. हा आजार वर्षाला दहा लाख मुलांमागे एखाद-दुसऱ्याला होतो. आपल्या गावातल्या चांगल्या रेडिओलॉजिस्टनेही आयुष्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिलेले असतात. त्याचा हा कमीपणा नाही, पण तुमच्या नातीला रोज अशी मुलं बघणारे डोळे हवेत.

मग सीटी की एमआरआय? लिव्हरसाठी लहान मुलात मी एमआरआयच्या बाजूने आहे. त्यात किरणोत्सर्ग नाही आणि लिव्हरच्या पेशीच उचलतात अशा काँट्रास्टने (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात त्या औषधाने) गाठीची हद्द सुरेख दिसते. अडचण भुलेची : मूल अर्धा-पाऊण तास हलता कामा नये. तासाभराच्या आतल्या एका भुलेने पुढे मुलाच्या बुद्धीवर परिणाम झाल्याचं अभ्यासांत दिसलेलं नाही, म्हणून त्यासाठी एमआरआय टाळू नका. मोठ्या केंद्रात बऱ्याचदा त्याच भुलेत बायोप्सी आणि केमोसाठीची नळीही बसवून टाकतात, म्हणूनही बाहेर सुट्टा एमआरआय करण्यात अर्थ नाही.

छातीचा सीटी तर लागणारच, कारण हा आजार पसरला तर आधी फुप्फुसांत जातो आणि तिथले बारीक ठिपके एमआरआयपेक्षा सीटीत नीट दिसतात. तेव्हा एक गोष्ट सांगून ठेवते : तो सीटी भूल देण्याच्या आधी झाला तर बरा. भुलेत मूल उताणं पडून हळू श्वास घेतं, फुप्फुसाचा मागचा भाग दबतो, आणि त्या दबलेल्या पट्ट्यात ठिपका आहे की नाही हे सांगणं अवघड होतं. क्रम कसा लावणार, एवढं तिथे विचारा. विचारणाऱ्या घराला कुणी तुसडेपणा करत नाही, आणि केलाच तर दोन मिनिटं सोसून घ्या.

'आजच्या आज' सीटी करून देणारं सेंटर वाईट हेतूचं आहे असं मी म्हणत नाही. पण मोठ्या माणसाच्या लिव्हरचा सीटी तीन-चार फेऱ्यांत करतात : काँट्रास्टच्या आधी, लगेच, थोड्या वेळाने, मग उशिरा. प्रत्येक फेरीला किरण तितकेच. मुलाला काँट्रास्टच्या आधीची फेरी लागतच नाही, एक किंवा फार तर दोन फेऱ्या पुरतात, आणि मात्रा वजनाप्रमाणे कमी करावी लागते. एमआरआयची तारीख लांब असेल आणि केंद्रातल्या डॉक्टरांनीच सीटी करा म्हटलं तर जरूर करा, ते त्यांच्या चिठ्ठीवर, त्यांच्या पद्धतीने.

पेट स्कॅन आत्ता नको. हेपॅटोब्लास्टोमाच्या पहिल्या तपासणीत तो नेहमीचा भागच नाही. 'सगळं एकदाच कळेल' हे मोठ्यांच्या काही कॅन्सरमध्ये खरं असतं म्हणून तुमच्या मुलाच्या कानावर आलं असेल. नातीच्या बाबतीत एएफपी, लिव्हरचा एमआरआय आणि छातीचा सीटी मिळून ते काम होतं. पुढे कधी उपचारानंतर एएफपी वाढू लागला आणि गाठ कुठे दिसेना, तर तेव्हा पेटचा विचार होतो.

सुईची भीती. लिव्हरच्या बायोप्सीत सुईच्या वाटेने पेशी पसरणं फार क्वचित घडतं. शिवाय कुशल हात सोनोग्राफीत बघत, एका बाहेरच्या नळीतून, निरोगी लिव्हरचा थोडा भाग ओलांडून गाठीत शिरतात, म्हणजे रक्तस्राव झाला तर ते लिव्हरच दाबून धरतं. ती वाट पुढे शस्त्रक्रियेत कापून जाणाऱ्या भागातून आखलेली असते. गाठ लहान आणि एका बाजूला असेल तर काही ठिकाणी बायोप्सीशिवाय सरळ काढूनही टाकतात. तुमच्या रिपोर्टातल्या 8 सेंमीला ते होईलच असं नाही. पण हे ठरवायचं एमआरआयनंतर आणि सर्जनने. आधी सुई, मग एमआरआय असा उलटा क्रम मात्र नको, कारण सुईने झालेलं रक्त चित्रात मिसळतं.

थांबायचं का? नाही. घट बसवा, माळ चढवा, सगळं करा, पण अपॉइंटमेंट याच आठवड्यातली घ्या. अहमदाबादला सिव्हिलच्या आवारातलं गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आहे. माझा कल जवळच्याकडे आहे, कारण केमोच्या फेऱ्या महिनोन्महिने चालतात, मधेच ताप आला तर रात्री धावावं लागतं, आणि परळला खोली घेऊन राहणं घराला झेपेलच असं नाही. लिव्हरची शस्त्रक्रिया मोठी निघाली तर तेच पुढे कुठे पाठवायचं ते सांगतील. आयुष्मान कार्ड असेल तर पहिल्याच दिवशी त्यांच्या काउंटरवर दाखवा, बिलं झाल्यावर नव्हे. आणि सोनोग्राफीची नुसती फिल्म नेऊ नका, सेंटरकडून सीडी मागून घ्या. फिल्मवर मोजकीच चित्रं असतात.

बरं होण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, विचारायचं धाडस झालं नसेल. गाठ पसरलेली नसेल आणि पूर्ण काढता आली, तर सिस्प्लॅटिनच्या केमोसह दहातली आठपेक्षा जास्त मुलं बरी होतात. पसरली असेल तर वाट अवघड होते, बंद होत नाही. त्या औषधाने ऐकू येण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून केमोच्या आधी कानांची तपासणी करून घ्या, हे घाईत राहून जातं.

काकूंना माझा निरोप द्या. मालिशने गाठ होत नाही, झालेली वाढतही नाही. ती महिनोन्महिने आत होती आणि डॉक्टरांच्या आधी त्यांच्याच हाताला लागली. मात्र आता पोट चोळायचं, दाबून बघायचं बंद. शेजारच्या काकू 'बघू कुठे लागतंय' म्हणून हात लावतात, त्यांनाही थांबवा. अशी गाठ दाबाने फुटून आत रक्त जाऊ शकतं. उचलताना काखेत आणि बुडाखाली हात घ्यायचा, पोटाला वेटाळून नाही. बाकी हातपाय, पाठ, डोकं, त्यांनी खुशाल तेल लावावं.

आणि सूनबाई. काका, इथे मी तुमच्यावर थोडी रागावणार आहे. ज्या मुलीच्या अंगावर ते लेकरू अजून पितंय, तिच्यापासून तुम्ही आकडा लपवलात. संमतीच्या कागदावर तिचीही सही लागेल. भुलेआधी अंगावरचं दूध साधारण चार तास आणि वरचं खाणं सहा तास बंद ठेवायचं असतं, नेमकं भूलतज्ज्ञ सांगतील. ते पाळणारी तीच आहे, रात्री दोनला उठून शेवटचं पाजणारीही तीच. कॅन्सर हॉस्पिटलची पाटी वाचून तिला गाडीतून उतरताना कळावं, असं तुम्हाला वाटतंय का? आज रात्री जेवणं झाल्यावर मुलाला आणि तिला शेजारी बसवा आणि तुमची फाइल तिच्या हातात द्या. ती रडेल. मग प्रश्न विचारू लागेल. ते एका कोऱ्या कागदावर तिच्याच अक्षरात लिहून घ्या आणि अहमदाबादला डॉक्टरांसमोर तो कागद तिलाच काढू द्या.